गोड्या पाण्याच्या फिश टँकमध्ये मीठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासे पाळणाऱ्यांत मिठावरून सरळ दोन तट पडलेले असतात. एका तटाचं म्हणणं, मूठभर मीठ टाका, सगळं बरं होतं. दुसऱ्याचं म्हणणं, गोड्या पाण्यातल्या माशांना मीठ हवंच कशाला? मी दोन्ही तटांत राहून आलोय. पहिल्यात असताना झाडं घालवली, दुसऱ्यात असताना मासे. आता मी मिठाकडे औषधाच्या बाटलीसारखं बघतो. कशासाठी, किती आणि किती दिवस, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं हातात असतील तरच ती उघडायची. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यातले बरेचसे कधीकाळी मीच इतरांना विचारलेले आहेत.

टँकमध्ये कायम थोडं मीठ असावं का?

नको. नदी-ओढ्यांतल्या माशांची शरीरं कमी क्षारांच्या पाण्याशी जुळलेली असतात. धडधाकट माशाला रोजच्या मिठाचा काही फायदा नाही, झाडांना मात्र त्रास होतो. 'आजार होऊ नये म्हणून' टाकलेल्या मिठाचा आणखी एक तोटा आहे, तो चटकन दिसत नाही. मासे वरचेवर आजारी पडत असतील तर टँकमधली गर्दी, जास्तीचं खाणं आणि न बदललेलं पाणी यांपैकी कोणीतरी गुन्हेगार असतो. मीठ त्याला पाठीशी घालतं.

मोनो, स्कॅट, काही जातींचे पफर हे मासे खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातले. त्यांना कायम खारटपणा लागतो, पण तो समुद्री मासे ठेवणाऱ्यांच्या मिश्र मिठाचा. त्यांची गोष्ट वेगळी आहे, या पानावर ती नाही.

मीठ नेमकं करतं काय?

माशाच्या रक्तातले क्षार लिटरमागे साधारण ८ ते ९ ग्रॅम मिठाच्या तोडीचे असतात, म्हणजे जवळपास सलाईनच्या बाटलीइतके. टँकमधल्या गोड्या पाण्यात ते बहुधा लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्याही आत. मध्ये पातळ पडदा असला की पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं. शाळेत बेदाणे पाण्यात फुगवून शिकलेलं परासरण ते हेच. माशाचे कल्ले हा असाच पातळ पडदा. त्यामुळे पाणी चोवीस तास माशाच्या अंगात शिरत राहतं आणि अंगातले क्षार बाहेर झिरपत राहतात. म्हणून गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही; उलट त्याची मूत्रपिंडं सतत पातळ लघवी बाहेर टाकत असतात. गेलेले क्षार कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातून पुन्हा ओढून घेतात आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. होडीला बारीक भोक असावं आणि नावाड्याने जन्मभर पाणी उपसत राहावं, तसा हा प्रकार.

निरोगी माशाला हे जड जात नाही. पण खवले उडाले, जखम झाली, कल्ले सुजले की होडीचं भोक मोठं होतं. अशा वेळी बाहेरच्या पाण्यात लिटरमागे १-२ ग्रॅम मीठ असलं तर आत-बाहेरचा फरक कमी होतो, उपसा हलका होतो आणि वाचलेली ताकद जखम भरून काढायला मिळते. मिठाचा पहिला उपयोग हा.

दुसरा उपयोग परजीवी आणि बुरशीविरुद्ध. इतक्या लहान जीवांना अचानक वाढलेला खारटपणा सोसत नाही. मासा तो सोसतो, कारण त्याच्याकडे मूत्रपिंड आहे, कल्ले आहेत. कोण जास्त वेळ तग धरतो, याची ही शर्यत असते आणि मिठाचं प्रमाण असं ठेवायचं असतं की मासा जिंकेल. तिसरा उपयोग नायट्राइटच्या विषबाधेत होतो, त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

'मिठाने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर वाढतो' हा गुण म्हणून सांगितला जातो. थर वाढतो हे खरं, पण चुरचुरल्यामुळे वाढतो. धुराने डोळ्यांत पाणी येतं म्हणून धूर डोळ्यांना चांगला, असं कोणी म्हणत नाही.

कोणतं मीठ वापरायचं?

साधं सोडियम क्लोराइड. काहीही न मिसळलेलं खडेमीठ उत्तम. फक्त त्यात माती-कचरा असतो, म्हणून विरघळवून फडक्यातून गाळून घ्यावं. 'अॅक्वेरियम सॉल्ट' म्हणून मिळणाऱ्या पाकिटातही बहुतेक वेळा हेच असतं, फक्त पाकिटावर मासा छापलेला असतो.

आयोडीनच्या मिठाने मासे मरतात म्हणे?

ही भीती फार जुनी आणि अवास्तव आहे. आयोडीनयुक्त मिठात आयोडीन किलोमागे जेमतेम १५ ते ३० मिलिग्रॅम असतं. लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे भरपूर मीठ टाकलं तरी पाण्यात उतरणारं आयोडीन एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास राहतं. अडीअडचणीला, रात्री अकरा वाजता मासा कल्ले धापत असेल तेव्हा, घरातलं बारीक मीठ बेलाशक वापरा. मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेल्या पावडरीने पाणी थोडा वेळ गढूळ दिसेल, इतकंच.

टाळायची मिठं वेगळीच आहेत आणि त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. पोटॅशियम जास्त झालेलं माशांना सोसत नाही. काळ्या मिठाला तो खास वास गंधकाच्या संयुगांमुळे येतो. ते टँकपासून लांब ठेवा. समुद्री टँकच्या मिश्र मिठाने पाण्याचा पीएच आणि कठीणपणा दोन्ही चढतात. पाण्यात आधीच अमोनिया असेल तर पीएच चढताच तो जास्त विषारी होतो, म्हणजे उपचाराच्या नादात आगीत तेल. सैंधव चालतं, पण त्याच्या गुलाबी रंगाचा माशाला काही उपयोग नाही.

किती टाकायचं? 'एवढ्या लिटरला एक चमचा' हे बरोबर आहे का?

कोणाचा चमचा? बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो. शिगोशीग भरला तर जवळपास दुप्पट. खडेमिठात मध्ये हवा असते, म्हणून तोच चमचा कमी भरतो. तेव्हा वजनकाट्यावर मोजा. स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो.

दुसरी गफलत पाणी मोजण्यात होते. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच टँक गणिताने ६४.८ लिटरचा. पण पाणी काठापासून खाली असतं, तळाशी खडी असते, दगड आणि लाकूड जागा खातात. प्रत्यक्षात त्यात पन्नासएक लिटरच पाणी निघतं. ६५ धरून मीठ टाकलं तर डोस पावपटीहून जास्त वाढला. पुढच्या वेळी टँक रिकामा करून भराल तेव्हा मापाच्या बादलीने भरा आणि आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. माझ्या झाकणावर लिहिलेला '५१' हा आकडा आतापर्यंत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय.

आता प्रमाण. लिटरला १ ग्रॅम हा सौम्य डोस: प्रवासाचा ताण, छोटी जखम, कुरतडलेले पर. लिटरला २ ग्रॅम: बुरशी, पर सडणं. लिटरला ३ ग्रॅम: पांढरे ठिपके, तेही सोसणारे मासे असतील तरच. याच्या वर टँकमध्ये जायचं नाही. त्यावरचं सगळं वेगळ्या भांड्यात आणि मिनिटांच्या हिशेबात.

मीठ थेट टाकायचं की विरघळवून?

विरघळवून, नेहमीच. टँकमधलंच पाणी मगभर काढा, त्यात मीठ पूर्ण विरघळवा आणि फिल्टरच्या प्रवाहात थोडं थोडं सोडा. कोरडे खडे तळाशी पडले की त्यांच्याभोवती काही वेळ अतिखारट पाण्याचा थर राहतो. कोरीसारखा तळाशी मिशा घासत फिरणारा मासा नेमका तिथेच तोंड घालतो. पोटाखाली लाल चट्टा उठलेला कोरी मी पाहिलाय; ते चित्र विसरता येत नाही.

पूर्ण डोस एकदम देऊ नका. २४ ते ३६ तासांत तीन हप्त्यांत द्या. प्रत्येक हप्त्यानंतर अर्धा तास टँकसमोर बसा. मासा सैरावैरा धावू लागला, उलटा-पालटा होऊ लागला किंवा कल्ले फारच भराभर हलू लागले, तर पुढचा हप्ता रद्द आणि एक तृतीयांश पाणी बदला.

पाणी बदलताना पुन्हा मीठ घालायचं का?

इथे बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं. मीठ उडून जात नाही. पाण्याची वाफ होते, मीठ टँकमध्येच राहतं. फिल्टर ते काढत नाही, कार्बनही काढत नाही. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पातळी खाली गेली म्हणून वरून पाणी भरताना साधं, क्लोरीन काढलेलं पाणी, मिठाशिवाय. पाणी उपसून बदललं तर जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ. ८० लिटरमध्ये २ ग्रॅमच्या हिशेबाने १६० ग्रॅम मीठ होतं आणि २० लिटर बदललं, तर ४० ग्रॅम घालायचं. १६० नव्हे.

माझं काय झालं होतं? ठिपक्यांवर मीठ लागू पडलं म्हणून मी खूश होतो आणि दर रविवारी पातळी भरून काढताना 'थोडंसं' टाकत राहिलो. चार महिन्यांनी कॅबोंबा या पाण्यातल्या झाडाची बारीक पानं सुयांसारखी गळून फिल्टरच्या तोंडाशी गोळा व्हायला लागली. मी खत वाढवलं, दिवे वाढवले. झाकणाच्या कडेला पांढरी पूड धरत होती, ती चुन्याची समजून पुसत राहिलो. शेवटी मित्राचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, आणून बुडवला तर आकडा ४,००० च्या पुढे! झाकणावरची पूड जिभेला लावली असती तर उत्तर चार महिने आधी मिळालं असतं. मॉली मात्र तेवढ्या काळात दोनदा व्याल्या. म्हणून मासे मजेत आहेत यावरून पाण्याचा अंदाज बांधू नये.

पांढऱ्या ठिपक्यांवर मीठ खरंच चालतं का? किती दिवस?

चालतं, पण त्या परजीवीचा दिनक्रम समजला तरच. नाव इक्थियोफ्थिरियस, लाडाने 'इक'. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखा जो ठिपका दिसतो त्यात परजीवी माशाच्या वरच्या त्वचेखाली दडलेला असतो. तिथे मीठही पोचत नाही आणि बाटलीतलं औषधही नाही. पोट भरलं की तो सुटून तळाशी पडतो, स्वतःभोवती वेष्टन करतो आणि आत विभागत विभागत शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडून पोहायला लागली की एक-दोन दिवसांत त्यांना मासा गाठावा लागतो, नाही तर ती मरतात. मीठ मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. फक्त त्यांनाच.

यातून बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. मीठ टाकल्यावर दुसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तर घाबरू नका. ते आधीच घुसलेले होते, आता मोठे होऊन दिसायला लागले. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी मीठ काढू नका. तळाशी वेष्टनं अजून फुटायची आहेत. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र साधारण आठवडाभरात फिरतं, थंड पाण्यात काही आठवडे रेंगाळतं. म्हणून मिठासोबत तापमान हळूहळू २८ ते ३० अंशांवर नेतात, दिवसाला एक-दोन अंशांनी. परजीवीला घाई करायला लावायची, म्हणजे तो लवकर उघड्यावर येतो.

तापमान वाढवणार असाल तर एअर पंप आधी चालू करा. २० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशांत साडेसातच्या आसपास. कल्ल्यांवर परजीवी बसलेला मासा आधीच धापत असतो. ठिपक्यांच्या उपचारात मेलेले सगळे मासे ठिपक्यांनीच मेलेले नसतात, काही गुदमरून मेलेले असतात.

मुक्काम किती? शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर आणखी एक आठवडा. एकूण बहुधा १० ते १४ दिवस होतात. मध्ये एक-दोन दिवसांआड तळाची खडी सायफनने ओढून घ्या, कारण वेष्टनं तिथेच असतात. काढलेल्या पाण्याचं मीठ हिशेबाने परत. मासे मीठ न सोसणारे असतील किंवा टँक झाडांनी भरलेला असेल, तर मीठ सोडा आणि मॅलकाइट ग्रीनसारख्या औषधाकडे वळा. त्यातही तळाच्या माशांना कमी डोस द्यावा लागतो, तेव्हा बाटलीवरचं वाचा. मासे वेगळ्या टँकमध्ये हलवणार असाल तर सगळेच हलवा. एखादाही मागे राहिला तर परजीवीलाही आसरा राहिला.

नवीन टँकमध्ये मासे वर येऊन हवा घेतात, मीठ टाकू का?

आधी नायट्राइट तपासा. नवीन टँकमध्ये माशांच्या घाणीतला अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट संपवणारे उपयोगी जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि मधल्या काळात नायट्राइट चढतं. ते कल्ल्यांतून रक्तात गेलं की हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन होतं, ज्याला प्राणवायू वाहता येत नाही. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. अशा माशाचे कल्ले लालचुटूक न दिसता चॉकलेटी दिसतात; रक्तच तपकिरी झालेलं असतं.

इथे मीठ जादू केल्यासारखं काम करतं, पण त्यात जादू काही नाही. नायट्राइट आणि क्लोराइड दोघेही कल्ल्यांतल्या त्याच दारातून आत जातात. दारात क्लोराइडची गर्दी केली की नायट्राइटला शिरायला वाट मिळत नाही. नेहमीचा आडाखा असा की क्लोराइड नायट्राइटच्या किमान दहापट असावं. मिठात वजनाने सुमारे ६० टक्के क्लोराइड असतं. लिटरमागे २ मिलिग्रॅम नायट्राइट असेल तर २० मिलिग्रॅम क्लोराइड हवं, म्हणजे ३३ मिलिग्रॅम मीठ. १०० लिटर टँकला झाले जेमतेम साडेतीन ग्रॅम! चमचाभरही नाही. मी सुरक्षित म्हणून लिटरला अर्धा ग्रॅम टाकतो, तेही या गरजेच्या कितीतरी पट आहे आणि तेवढं जवळपास कुठलाही मासा सोसतो. मीठ दार अडवतं, नायट्राइट पाण्यातच राहतं. रोजचं पाणी बदलणं आणि खाणं कमी करणं चालू ठेवायचंच.

अमोनियावरही मीठ चालतं ना?

नाही. हा गोंधळ सर्रास होतो. अमोनिया वेगळ्या वाटेने आत जातो, क्लोराइड त्याला अडवत नाही. पाणी बदला.

फिल्टरमध्ये झिओलाइट आहे, चालेल का?

मीठ टाकण्याआधी तो काढा. झिओलाइट पाण्यातला अमोनियम धरून ठेवतो. मीठ आलं की सोडियम त्याची जागा घेतं आणि धरलेला सगळा अमोनियम एकदम पाण्यात सुटतो. वापरलेला झिओलाइट खाऱ्या पाण्यात भिजवून पुन्हा 'ताजा' करतात तो याच तत्त्वावर. टँकच्या आत हा प्रयोग करू नये. फिल्टरमधल्या जिवाणूंना मात्र लिटरला १-३ ग्रॅम, तेही हप्त्यांत, सहसा बाधत नाही.

बुरशी आणि पर सडण्यावर?

खऱ्या बुरशीचे कापसासारखे झुबके जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर धरतात. त्यावर लिटरला २ ग्रॅम, आठवडाभर, चांगला गुण येतो. पण तोंडाशी पांढरट-करडा, जरा चपटा थर असेल, मासा झपाट्याने खंगत असेल, तर तो बहुधा कॉलमनॅरिस. दिसतो बुरशीसारखा, असतो जिवाणू. मीठ त्याला थोडं रोखतं, बरं करत नाही. एक-दोन दिवसांत फरक दिसला नाही तर जिवाणूंवरचं औषध लागेल. पर सडायला लागले असतील तर पहिलं औषध स्वच्छ पाणी, दुसरंही तेच, मीठ तिसरं.

मिठाच्या पाण्यात बुडवून काढतात ते काय असतं?

वेगळ्या भांड्यात जास्त मिठाच्या पाण्यात मासा काही मिनिटं ठेवायचा. अंगावरचे, कल्ल्यांवरचे काही परजीवी गळून पडतात. अर्गुलस (माशांवरची ऊ) आणि अँकर वर्म (अंगात रुतून बसणारा दोऱ्यासारखा परजीवी) यांच्यावर याचा भरवसा धरू नका. गोल्डफिशसारख्या दणकट माशाला लिटरला १० ग्रॅम, दहा मिनिटांपर्यंत. लिटरला ३० ग्रॅमचे डोसही सांगितले जातात, पण ते जवळजवळ समुद्राचंच पाणी झालं. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅम असतात. पहिल्यांदाच करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

भांड्यातलं पाणी टँकमधलंच हवं, तापमान तेच हवं, एअर स्टोन चालू हवा आणि शेजारी साध्या पाण्याची बादली तयार हवी. पहिल्यांदा केलं तेव्हा माझा गोल्डफिश मिनिटभरात एका कुशीवर कलला आणि वर तरंगायला लागला. हातातली जाळी थरथरत होती. पण खारं पाणी जड असतं, त्यात मासा वर उचलला जातो आणि त्याचा तोल काही वेळ जातो. कल्ले संथ लयीत हलताहेत आणि बोटाने शेपटीला स्पर्श केला की तो दचकतोय, तोवर ठीक. दचकणं थांबलं की घड्याळ बघत बसू नका, त्या क्षणी बाहेर काढा. पूर्ण वेळ उभं राहून बघायला जमणार नसेल तर हा उपचार करूच नका.

कोणत्या माशांना मीठ सोसत नाही?

मॉली, गप्पी, प्लॅटी, सोर्डटेल, गोल्डफिश आणि बरेचसे सिच्लिड आरामात सोसतात. फायटरही ठीक. कोरी, लोच, सकर आणि मऊ पाण्यातले छोटे टेट्रा यांच्याबाबत मी १ ग्रॅमच्या वर जात नाही. यांना मिठाचा थेंबही चालत नाही असं ठासून सांगणारे भेटतील; तेवढं टोक खरं नाही, पण मिश्र टँकचा डोस नेहमी सगळ्यात नाजूक माशाच्या मापाने ठरतो. डिस्कससारखा महागडा मासा असेल तर मीठ टाकण्यापेक्षा पाणी बदलण्यावर जोर द्या.

झाडं, गोगलगाई, कोळंबी?

अन्युबियस, जावा फर्न, जावा मॉस लिटरला १ ग्रॅम काही दिवस काढतात. कॅबोंबासारख्या बारीक पानांच्या झाडांचं वर सांगितलंच. गोगलगाई २-३ ग्रॅमला आक्रसून बसतात, पुढे मरतात आणि मेलेल्या गोगलगाईंनी पाणी नासतं. चेरी कोळंबी थोडं सोसते, पण तिला उपचारात ओढायचं कारण काय? आजारी मासा वेगळ्या टबात न्या. साधा प्लॅस्टिकचा टब, वापरातला स्पंज फिल्टर, हीटर, लपायला एक कुंडीचा तुकडा. एवढ्यात मिठाचे निम्मे प्रश्न मिटतात. अपवाद ठिपक्यांचा, तिथे सगळेच मासे हलवायचे.

मॉलीला मीठ लागतंच, असं का म्हणतात?

मॉली खाडीच्या, अगदी समुद्राच्या पाण्यातही जगतात, म्हणून. पण ज्या मॉली जागच्या जागी डुलत राहतात, पर मिटून थरथरतात, त्यांना बहुतेक वेळा कमी पडत असतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियम, म्हणजे पाण्याचा कठीणपणा. साधं मीठ ते देत नाही. मिठाने ना कठीणपणा वाढतो ना पीएच, फक्त टीडीएसचा आकडा वाढतो. कठीण पाण्यातल्या मॉली मिठाच्या दाण्याशिवाय मजेत वाढतात.

पोट फुगलंय, मीठ टाकू?

इथे लागतं ते हे मीठ नव्हे, एप्सम सॉल्ट. नावात 'सॉल्ट' असलं तरी ते मॅग्नेशियम सल्फेट, काम अगदी वेगळं. बद्धकोष्ठाने फुगलेल्या माशाला त्याने मोकळं व्हायला मदत होते. खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिले असतील तर तो जलोदर. मूत्रपिंडं थकलेली असतात आणि आशा थोडीच असते. दोन्ही पुड्या एकाच कपाटात असतील तर वर मोठ्या अक्षरांत नावं लिहा.

टाकलेलं मीठ मोजायचं कशाने?

टीडीएस मीटरने. लिटरला १ ग्रॅम मिठाने आकडा साधारण १,००० ने वाढतो. मीठ टाकण्याआधीचा आकडा लिहून ठेवा, फरक महत्त्वाचा. समुद्री टँकचा हायड्रोमीटर इतक्या कमी खारटपणाला जागचा हलतसुद्धा नाही.

पिल्लांना आर्टेमिया (खाऱ्या पाण्यात अंडी फोडून काढलेले बारीक जीव) खायला देतो, त्याने खारटपणा वाढतो का?

गाळून दिलं तर नाही. अंडी फोडायचं पाणी लिटरला २०-२५ ग्रॅमचं असतं. अर्धा लिटर तसंच ओतलं तर बारा ग्रॅम मीठ गेलं. ५० लिटरच्या टँकमध्ये लिटरला पाव ग्रॅम. आठवडाभर रोज ओतलंत तर पावणेदोन ग्रॅमच्या आसपास पोचाल, नकळत. बारीक जाळीतून गाळा, साध्या पाण्याची एक धार मारा, मग द्या.

उपचार संपला, आता मीठ कसं काढू?

पाणी बदलून, दुसरा मार्ग नाही. दर वेळी पाव टँक बदललात तर पहिल्यानंतर ७५ टक्के मीठ उरतं, दुसऱ्यानंतर ५६, तिसऱ्यानंतर ४२, चौथ्यानंतर ३२. दोन-तीन दिवसांच्या अंतराने करा. घाईने सगळं पाणी पालटू नका. मासा खाऱ्या पाण्याला सरावलेला असतो आणि उलट दिशेचा धक्काही धक्काच. नव्या पाण्यातलं क्लोरीन काढायला विसरू नका, मीठ ते काम करत नाही. आणि एरवी टँकचं काढलेलं पाणी कुंड्यांना घालायची सवय असेल, तर या पंधरवड्यात ते थेट मोरीत ओता.